तट्टाचें तोंड आणि दुहेरी लगाम

मार्गशीर्ष सरत आला म्हणजे परभणीहून गंगाखेड व पालम या वाटेनें माळेगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसांची आणि जनावरांची एकच रीघ लागते. लोहा तालुक्यांतील हें माळेगांव नांदेड जिल्ह्यांत मोडतें; परंतु तेथील खंडोबाच्या यात्रेला परभणीकर परकी मानीत नाहींत. यात्रेचा घोडेबाजार फार जुना. हौशी गृहस्थ तेथें जातात, तट्टाचा रंग पाहतात, भोंवरे मोजतात, चाल काढून घेतात आणि रुमालाखालीं बोटें दाबून सौदा ठरवितात. मग तट्टाच्या तोंडांत त्या वेळीं जें लोखंड असेल त्यासकट तें घरीं येतें. कपाळावरच्या एका भोंवऱ्यासाठीं तासभर घासाघीस करणारें गिऱ्हाईक तोंडांतील लोखंडाकडे ढुंकूनही पाहत नाहीं, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

घरीं आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तक्रारी सुरू होतात. तट्टू मान उडवितें, तोंड उघडें टाकतें, जीभ बाहेर काढतें, वळणावर एकाच अंगाला ओढतें, आणि एखादे दिवशीं मुलाला पाठीवर घेऊन उधळतें. शेजारचा जाणता सांगतो, "लगाम कडक पाहिजे". त्याप्रमाणें अधिक टोंचणारें लोखंड येतें. दुसरा जाणता परदेशी चित्रें पाहिलेला असतो, तो म्हणतो, "दुहेरी लगाम घाला, प्रदर्शनांतल्या तट्टांना तोच असतो." पहिला सल्ला सर्वथा वाईट आहे. दुसरा वाईट नाहीं, पण अपुरा आहे. कारण दुहेरी लगाम हें एक हत्यार नसून दोन हत्यारांची जोडी आहे, आणि कोणतीं दोन लोखंडें एकत्र घालावयाचीं हें तट्टाच्या तोंडावरून ठरतें, चित्रावरून ठरत नाहीं.

मराठी बोलींत घोड्याच्या साजाचे शब्द ठायीं ठायीं पसरले आहेत. ज्या वस्तूंचे ते शब्द त्या मात्र शहरांतून दिसेनाशा झाल्या. निरर्थक भरताडाला खोगीरभरती म्हणतात. चोराला पोलीस जेरबंद करतात; तो मूळचा जेरबंद म्हणजे घोड्यानें मान वर फेकूं नये म्हणून तंगापासून पुढच्या पायांमधून वर नेऊन तोंडाकडे जोडलेला पट्टा. लगाम हा शब्द फारशी. त्याच्या आधीं संस्कृतांत 'खलीन' होता, आणि तो ग्रीकांच्या 'खालिनोस' या शब्दावरून आला असें भाषापंडित मानतात. कठोपनिषदांतील रथाच्या रूपकांत इंद्रियें हे घोडे, बुद्धि हा सारथी आणि मन हा प्रग्रह म्हणजे हातांतील वाग आहे. तोंडांतील लोखंडाची जागा त्या रूपकांत कोणालाच दिलेली नाहीं. आणि व्यवहारांतही तिचीच आठवण लोकांना सर्वांत शेवटीं होते. असो. येथें मोरकी म्हणजे डोक्यावरील पट्ट्यांचा साज, वाग म्हणजे स्वाराच्या हातांतील वादी, आणि लोखंड म्हणजे तोंडांत राहणारा भाग समजावा, मग तो पोलादाचा असो कीं जर्मन सिल्व्हरचा.

लोखंड ज्या ठिकाणीं बसतें तें ठिकाण आधीं नीट पाहिलें पाहिजे. घोड्याच्या जबड्यांत पुढें वर सहा व खालीं सहा असे कापणारे दांत असतात आणि मागें दाढांच्या रांगा असतात. या दोहोंच्या मधें चार बोटांएवढी मोकळी जागा असते. या मोकळ्या जागेमुळेंच माणसाला घोडा हांकतां आला. नराला या जागेंत पुढच्या बाजूस सुळे येतात; मादीला बहुधा येत नाहींत. खालच्या जबड्याचें हाड येथें निमुळतें, जवळजवळ धारेसारखें असतें, आणि त्यावर हिरडीचें पातळ अस्तर तेवढें असतें. नडगीच्या हाडावर काठी बसली म्हणजे काय होतें हें ज्याला ठाऊक आहे त्याला या जागेची कल्पना करणें अवघड नाहीं. दोन्ही बाजूंच्या या हाडांमधें जीभ भरलेली असते. ती पन्हळींतून वाहणाऱ्या पाण्यासारखी खालीं दबून राहत नाहीं. चांगली फुगून हाडांच्या वर येते. वर टाळू. तोंड मिटलेलें असतां लोखंडासाठीं वेगळी पोकळी म्हणून राखलेली नसते. जिभेला दाबून आणि टाळूला लागूनच तें राहतें, हें क्ष-किरणांच्या छायाचित्रांनीं स्पष्ट झालेलें आहे. म्हणजे लोखंडाचा पहिला भार जिभेवर, मग हिरडीवर, आणि कडेला ओठांच्या कोंपऱ्यांवर पडतो.

वयाचाही विचार आहे. शिंगराचे दुधाचे दांत पडून कायमचे दांत येण्याचा क्रम अडीच वर्षांच्या सुमारास सुरू होतो. साडेतीन वर्षांस दुसरी जोडी, साडेचार वर्षांस तिसरी. बाजारांत दोनदाती, चारदाती म्हणतात तें हेंच. नराचे सुळे चौथ्या-पांचव्या वर्षीं हिरडी फोडून वर येतात. त्याशिवाय कित्येकांना वरच्या पहिल्या दाढेच्या पुढें खुंटासारखा एक बारीक, निरुपयोगी दांत असतो. लोखंड त्यावर आपटलें कीं जनावर मान झटकतें आणि धनी त्याला खोडकर ठरवितो. पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वीं तोंडांत दोन लोखंडें घालणें म्हणजे दांत येणाऱ्या मुलाला सुपारी फोडावयास सांगण्यासारखें आहे. नवें तट्टू आणल्यावर लगामाचें दुकान शोधण्याआधीं परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत त्याचें तोंड दाखवून आणावें. दाढांच्या कडा वाढून गालाला टोंचत असतील तर त्या कानशीनें घासून घेणें हें अर्ध्या तासाचें काम असतें, आणि पुष्कळ 'उधळीं' तट्टें तेवढ्यानेंच शहाणीं होतात.

आतां त्या कांटेरी लोखंडाविषयीं. वरातींत नाचणाऱ्या घोडीच्या आणि यात्रेंत मागील पायांवर उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या तोंडांत पुष्कळदां दांडीवर खिळ्यांसारखे कांटे असलेला लगाम असतो. वाग नुसती हलली तरी जनावर मान वांकवून, फेंस गाळीत, थरथरत पाय उचलतें. पाहणारांना तो डौल वाटतो. त्या फेंसांत रक्ताची लाली आहे कीं नाहीं हें वाजंत्र्यांच्या गलबल्यांत कोणी पाहत नाहीं. या लगामाला इतिहास आहे. उजव्या हातांत भाला किंवा तलवार धरून, डाव्या एकाच हातानें भरधांव घोडा क्षणांत वळवावयाचा अगर थांबवावयाचा, तर लोखंड जहाल लागतें, असा लढाऊ काळचा हिशेब होता. ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला त्यांतही एक गुळगुळीत व एक खरखरीत असे दोन लगाम बाळगावे असें सांगितलेलें आहे. मात्र खरखरीताचा उपयोग घोड्याला गुळगुळीताची गोडी लागावी एवढ्यापुरता, हा त्याचा अभिप्राय विसरतां येत नाहीं. वरातींतल्या घोडीला कोणावर तलवार चालवावयाची असते? आणि कायदाही याविषयीं मुका नाहीं. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं १९६५ सालीं ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसंबंधीं जे नियम झाले, त्यांत कांटे, गांठी अगर टोंकें असलेला लगाम व साज वापरण्यास मनाई केलेली आहे. तेव्हां असें लोखंड तोंडांत असलेलें तट्टू विकत घेतलें तर तें लोखंड बाजारांतच टाकून यावें. घरीं आणून खुंटीलाही टांगूं नये.

कांट्यांचा आणखी एक दुष्परिणाम असा कीं, वारंवार जखम होऊन भरलेली हिरडी निबर होते आणि कधीं कधीं खालच्या हाडावर गांठही येते. मग साध्या लोखंडाचा इशारा तेथें पोंचत नाहीं. 'तोंडाचें जड' म्हणून ज्या तट्टाची हेटाळणी होते, त्याचें तोंड बहुधा माणसानें जड केलेलें असतें. अशाला दुहेरी लगाम हा उपाय नव्हे. त्याला कांहीं आठवडे लोखंडावांचून, नुसत्या मोरकीवर फिरवावें, जखम असेल तर पशुवैद्य सांगेल तितके दिवस, आणि मग जाड, गुळगुळीत साध्या कडीपासून पुन्हां पहिल्या यत्तेंत बसवावें.

दुहेरी लगामाची रचना अशी. एका मोरकीवर दोन लोखंडें आणि स्वाराच्या हातांत चार वागा. वरचें लोखंड म्हणजे बारीक कडीचा साधा लगाम. बहुधा मध्यें सांधा, दोन्ही टोंकांना लहान कड्या. यास ब्रिडून म्हणतात. खालचें लोखंड अखंड दांड्याचें. त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या, वरच्या टोंकांना आंकडे, त्या आंकड्यांत हनुवटीखालून जाणारी चपट्या कड्यांची सांखळी, आणि खालच्या टोंकांना दुसरी वाग. यास वेमथ किंवा कर्ब म्हणतात. हिंदी घोडदळाच्या बोलींत पहिल्या जातीला कजई व दुसरीला दहाना असे सुटसुटीत शब्द होते. ते घोडदळाबरोबर गेले. हिंगोली ही १९९९ च्या मे महिन्यापर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होती, आणि निजामी अमदानींत हैद्राबाद कंटिंजंटची छावणी तेथें असे. १९०३ सालीं ही फौज हिंदी लष्करांत सामील झाली आणि तिच्यांतील रिसाले डेक्कन हॉर्स वगैरे नांवांनीं ओळखले जाऊं लागले. १९१६ च्या जुलैंत फ्रान्समध्यें सोमच्या रणभूमीवर भाले सरसावून धांवलेला डेक्कन हॉर्स तो हाच. आज ती पलटण रणगाड्यांची आहे, आणि दहाना कशास म्हणतात हें हिंगोलींतही कोणाला सांगतां यावयाचें नाहीं.

घोड्याच्या डौलाची हौस मात्र परकी नव्हे. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें बाराव्या शतकांत रचविलेल्या 'मानसोल्लासां'त अश्ववाह्यालीचें, म्हणजे मैदानांतील घोड्यांच्या खेळाचें, स्वतंत्र प्रकरण आहे. आणि कल्याणी मराठवाड्याच्या शिवेला लागून आहे. विलायतेंत तट्टांच्या प्रदर्शनाची मोठी संस्था १९४९ सालीं निघाली. तेथें तट्टांचे वर्ग उंचीवर पाडतात. सर्वांत वरची मर्यादा १४.२ हँड, म्हणजे ५८ इंच, सुमारें १४८ सेंटिमीटर. एक हँड म्हणजे चार इंच. आपल्याकडील भीमथडी तट्टें या मर्यादेच्या पुष्कळ खालीं बसतात. त्या प्रदर्शनांत लहान मुलांच्या, दोरी धरून चालविण्याच्या वर्गांत साधी कडीच चालते. मुरलेल्या तट्टांच्या वर्गांत दुहेरी लगाम दिसतो. २०२३ च्या सप्टेंबरांत चीनमधील हांगचौ येथें आशियाई सामन्यांत भारतीय संघानें ड्रेसाजचें सुवर्णपदक मिळविलें. अशा वरच्या पायरीच्या कसरतींत पूर्ण शिकलेल्या घोड्यांच्या तोंडीं दुहेरी लगाम पाहावयास मिळतो. उलट तट्टांच्या आंतरराष्ट्रीय ड्रेसाज-सामन्यांत साधी कडीच लागते. जे लोक या विद्येंत केस पिकवून बसले आहेत त्यांनीं मुलांच्या हातीं चार वागा देण्याची घाई केलेली नाहीं, हें येथील हौशी पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

खालचें लोखंड इतकें जपून कां वापरावयाचें याचें उत्तर तराजूच्या गणितांत आहे. दांडीचा तोंडापासून वरचा भाग ४ सेंटिमीटर व खालचा ६ सेंटिमीटर धरा. स्वारानें खालच्या कडीवर १ किलो भाराएवढी ओढ दिली. तोंडांतील लोखंड हा टेकू. खालची भुजा दीडपट लांब, म्हणून वरच्या टोंकाशीं सांखळीवर दीड किलोची ओढ येते. सांखळी हनुवटीला मागून आवळते, आणि लोखंड या दोन्ही ओढींची बेरीज, म्हणजे अडीच किलो, जिभेवर व हिरडीवर टाकतें. मस्तकावरच्या पट्ट्याला जाणारा ताण यांत धरलेला नाहीं. आतां खालचा भाग ८ सेंटिमीटर केला तर सांखळीवर दोन किलो आणि तोंडावर तीन. साध्या कडीवर त्याच ओढीचा भार एक किलोच राहतो. दहा वर्षांचें मूल तोल जाऊं लागला कीं वागेला लोंबकळतें. तें वीस किलोंचें असो कीं तीस, त्याच्या त्या लोंबकळण्याचे असे अडीचपट तट्टाच्या हाडावर पडतात. उधळणें म्हणजे अशा वेळीं त्या मुक्या प्राण्याचें ओरडणेंच होय.

मात्र नुसती लांब दांडी जहाल आणि आंखूड दांडी सौम्य, असा ठोकताळा बांधूं नये. लांब दांडीचें टोंक बरेंच फिरल्यावर सांखळी लागते. म्हणून तिचा इशारा सावकाश पोंचतो आणि जनावराला सांवरून घेण्यास वेळ मिळतो. आंखूड दांडीचा इशारा चटकन् येतो, पण जोर थोडा असतो. तट्टाचें तोंड लहान, मान आंखूड व बहुधा वर बसविलेली; त्याला खालून चार-पांच, फार तर सहा सेंटिमीटर दांडी पुरे. वरचा भागही फार लांब नको, कारण तो जितका लांब तितका मस्तकाच्या मागें कानांपाशीं ताण येतो, आणि कित्येक तट्टें तो ताण सहन करीत नाहींत.

आतां जोडी निवडण्याचें मुख्य काम. प्रथम रुंदी. गुळगुळीत वेताचा अगर लांकडाचा बोटाएवढा तुकडा तोंडांत आडवा धरून ओठांच्या दोन्ही कोंपऱ्यांपाशीं खुणा कराव्या आणि मधलें अंतर मोजावें. बहुतेक तट्टांचें हें माप साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरांच्या घरांत येतें. एकाचें माप दुसऱ्याला लागू पडत नाहीं. खालचें लोखंड ओठांना चिकटून, पण न चिमटतां बसलें पाहिजे. तें इकडे तिकडे सरकलें तर मधली कमान जिभेवरून बाजूला जाऊन तिची कड जिभेंत रुते. वरची कडी त्याहून अर्धा सेंटिमीटरभर रुंद असावी, म्हणजे तिच्या सुट्या कड्या ओठ पकडीत नाहींत.

मग जाडी. जाड लोखंड सौम्य आणि बारीक लोखंड जहाल, असें पुस्तकांतून सरसकट लिहिलेलें असतें. एकट्या कडीपुरतें तें बहुतांशीं खरें आहे. परंतु लहान तोंडांत दोन लोखंडें मावावयाचीं असतील तर जाडी हाच जाच होतो. दोन जाड दांडे घेतलेलें तट्टू तोंड मिटूं शकत नाहीं, लाळ गिळूं शकत नाहीं, आणि मालक नाकाचा पट्टा आवळून तोंड बळेंच मिटवितो. म्हणून वरची कडी दहा ते बारा मिलिमीटर, खालचें लोखंड चौदाच्या आसपास, आणि दोन्ही पूर्ण गुळगुळीत असावींत.

यापुढें तोंडाची जात पाहिली पाहिजे. ओठ हळूंच बाजूला करून जीभ मिटल्या तोंडांत कशी बसते तें पाहावें. कडेनें ती फुगून बाहेर डोकावत असेल तर जीभ मांसल आहे. लहान, रुंद तोंडाच्या देशी तट्टांत अशी जीभ व सखल टाळू पुष्कळदां आढळतात. अशाला मध्यें रुंद पण बुटकी कमान असलेलें खालचें लोखंड द्यावें. कमान रुंद पाहिजे यावर सर्व भर आहे. अरुंद कमानींत जीभ शिरत नाहीं, ती तिच्या दोन कडांवर चिमटते. उंच कमान टाळूला लागते. आणि वरची कडी दोन सांध्यांची, मध्यें वाटाण्याच्या शेंगेएवढा चपटा गोलसर तुकडा असलेली घ्यावी. ती जिभेवर वळण घेऊन पडते. एकाच सांध्याची कडी ओढल्यावर मध्यें टोंक करून टाळूकडे उठते आणि खालच्या कमानीवर आपटते. या दोघांचें भांडण तट्टाच्या जिभेवर चालतें.

याच्या उलट तोंड म्हणजे मारवाडी किंवा काठेवाडी रक्ताचें, कोरीव चेहऱ्याचें, पातळ ओठांचें. त्याची जीभ सडपातळ आणि हिरडीची धार उघडी. येथें मोठी कमान दिली तर जीभ कमानींत निसटते आणि सगळा भार दोन्ही बाजूंच्या धारदार हाडांवर जातो. अशाला जवळजवळ सरळ, किंचित् धनुष्यासारखा वांकलेला दांडा बरा. म्हणजे जीभ गादीसारखी मध्यें येऊन भार वांटून घेते. वरची कडी एका सांध्याचीही चालेल. सांखळीखालीं मऊ कातड्याची पट्टी घालावी, कारण या जातीच्या हनुवटीचें कातडेंही तितकेंच नाजूक असतें.

तोंडाखेरीज स्वभाव पाहून थोडा फरक करतां येतो. जें तट्टू लोखंडावर डोकें टेकून चालतें त्याला लोक लांब दांडी देतात; त्यानें तें आणखी टेकतें. त्याला वरची कडी सुट्या कड्यांची द्यावी. ती हलती राहते, टेकावयास घट्ट आधार देत नाहीं. जें तट्टू हनुवटी छातीशीं नेऊन लोखंडापासून पळतें, त्याच्या तोंडांतून खालचें लोखंड सरळ काढून टाकावें. त्याला दुहेरी लगामाची अजून वेळ आली नाहीं, किंवा ती आली होती आणि कोणीतरी तिचा नाश केला आहे. आणि बदल करावयाचा तो एका वेळीं एकाच लोखंडाचा. दोन्ही एकदम बदललीं तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कळत नाहीं. एक बदलून आठ-दहा दिवस पाहावें; वैद्यही एका पुडीचा गुण पाहिल्याशिवाय दुसरी देत नाहीं.

धातूविषयीं फार लिहावयास नको. गंजणारें लोखंड नको आणि पितळेचा मुलामा दिलेलें तर मुळींच नको. मुलामा उडाला कीं त्याच्या कडा करवतीसारख्या होतात. न गंजणारें पोलाद उत्तम. खोगीर-साजाचा माल आजही कानपुराहून येतो व त्यांत बरावाईट दोन्ही असतो. विकत घेतांना सांध्यांवरून करंगळी फिरवून पाहावी, जेथें बोटाला खरखर लागेल तेथें जिभेला लागणारच.

बसविण्याची रीत अशी. कडी वर, ओठांच्या कोंपऱ्याला लागून, तेथें एक बारीक सुरकुती पडेल इतपत. दांड्याचें लोखंड तिच्या खालीं, हनुवटीच्या खांचेसमोर. घोडदळाच्या शिस्तींत सुळ्यांच्या वर एक इंच, आणि मादीला कडेच्या दांतांच्या वर दोन इंच, असें माप असे. तट्टाला तें थोडें कमी करावें लागतें. सांखळी उजव्या हाताला पीळ देऊन सर्व कड्या चपट्या पडेपर्यंत फिरवावी आणि मगच आंकड्यांत अडकवावी. वाग ओढल्यावर दांडी तोंडाच्या रेषेशीं ४५ अंशांच्या सुमारास येऊन थांबली तर सांखळी बरोबर. दांडी वागेबरोबर सरळ मागें लोळली तर ती ढिली. जागची हललीच नाहीं तर ती घट्ट. सांखळी ढिली ठेवणें म्हणजे दया करणें असा एक समज आहे. तो चुकीचा आहे: ढिली सांखळी हनुवटीची खांच सोडून वरच्या पातळ हाडांवर घासते.

इतकें करूनही कित्येक तट्टांच्या तोंडांत दोन लोखंडें मावतच नाहींत, आणि तसें स्पष्ट म्हणण्याचा धीर दुकानदारांना होत नाहीं. त्यांच्यासाठीं पेल्हम नांवाचा लगाम आहे. त्यांत तोंडांतील दांडा एक, पण बाजूच्या दांड्यांना दोन कड्या, म्हणून वागा चारच. इंग्रजी घोडदळानेंही विसाव्या शतकाच्या आरंभीं या जातीचें लोखंड सरसकट स्वीकारलें. दुहेरी लगामाचा बारकावा यांत नाहीं, दोन इशारे एकमेकांत मिसळतात, हा आक्षेप खरा आहे. पण लहान तोंड मोकळें राहतें, आणि प्रदर्शनांतही तो चालतो. पेल्हमच्या दोन कड्यांना चामड्याचा अर्धगोल जोडून एकच वाग लावण्याची सोय आहे. मुलाच्या हातीं निदान पहिलें वर्षभर ती उत्तम.

आणि जोडी बरोबर बसली कीं नाहीं हें कसें ओळखावें? पहिले पंधरा मिनिटें वरच्या वागेवरच, खालची वाग सैल ठेवून, चालीनें फिरवावें. ओठांवर साबणाच्या फेंसासारखी थोडी पांढरी ओल आली, कान पुढें-मागें हलत राहिले, जबडा हळूंच चघळल्यासारखा चालला, तर सर्व ठीक आहे. तोंड कोरडें व आवळलेलें, शेपटी सारखी आपटणारी, जीभ एका बाजूनें लोंबणारी किंवा निळसर पडलेली दिसली, तर त्याच क्षणीं उतरून लोखंड काढावें. काम आटोपल्यावर लोखंड साध्या पाण्यानें धुवून पुसावें. थंडीच्या दिवसांत पहांटे घालण्यापूर्वीं तें तळहातांत धरून कोंबट करावें, कारण पौषांतल्या पहांटे मराठवाड्यांतलें लोखंडही जिभेला चटका देतें. पुढल्या मार्गशीर्षांत माळेगांवीं जाणाऱ्यानें भोंवरे मोजण्याआधीं विकणाऱ्याला लगाम काढावयास सांगावें, ओठ वर करून हिरडीच्या दोन्ही धारा व जिभेची कड उजेडांत पाहाव्या, आणि विकणारा त्याला कां कूं करूं लागला तर पुढच्या दावणीकडे वळावें.